पाण्यानें घडविलेलें वाळवंट

श्रोतेहो, आजच्या भाषणाच्या आरंभींच मी आपणांस एक कोडें घालतों. एक प्रदेश असा आहे कीं, तेथें सबंध वर्षांत आठ ते दहा इंचच पाऊस पडतो. उन्हाळ्यांत उष्णतामापकांतील पारा फॅरनहाइटच्या शंभर अंशांवर जाऊन बसतो. मैलच्या मैल चाललें तरी ओंजळभर पाणी दृष्टीस पडत नाहीं. आणि तरीहि तेथील शिल्प जवळजवळ सारें पाण्यानें कोरलेलें आहे. हें कसें?

आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यांत निघोज गांवाजवळ कुकडी नदीच्या पात्रांत रांजणखळगे आहेत, ते आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिले असतील. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनीं काळ्या कातळांत रांजणाएवढे खड्डे पाडले आहेत. ते पाहतांना कारण कोणाला विचारावें लागत नाहीं; कारण समोरच वाहत असतें. परंतु जेथें नदीचा ओघ नाहीं, ओढा नाहीं, तेथें दगड कोरणारा कारागीर शोधावयाचा कोठें? हाच प्रश्न मनांत घेऊन मी त्या वाळवंटांत हिंडलों आणि त्याचें जें उत्तर मिळालें, तें आज आपणांस सांगणार आहें. त्या उत्तराबरोबर एक अपराधहि पदरीं घेऊन आलों. त्याची कबुली शेवटीं देईन.

हा प्रदेश अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या युटा राज्यांत, अगदीं आग्नेय कोपऱ्याकडे आहे. माझा एक पुतण्या नोकरीच्या निमित्तानें त्या देशांत राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही ऑक्टोबर महिन्यांत सॉल्ट लेक सिटीहून मोटारीनें निघालों. सव्वादोनशें मैलांवर प्रवास केल्यावर कोलोरॅडो नदीच्या कांठचें मोॲब हें लहानसें गांव लागतें. त्या गांवाच्या उत्तरेस पांचएक मैलांवर आर्चेस राष्ट्रीय उद्यानाचें प्रवेशद्वार आहे. आर्च म्हणजे कमान. उद्यान या शब्दावरून मात्र ताटवे आणि कारंजीं डोळ्यांपुढें आणूं नका. येथें आहेत ते तांबडे खडक, तांबडी वाळू, खुरटीं जुनिपरचीं झाडें आणि माथ्यावर अफाट निळें आकाश. १९२९ सालीं अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनीं या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि १९७१ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें.

प्रवेशद्वारापासून रस्ता वळणें घेत कड्यावर चढतो आणि माथ्यावर येतांच मनुष्य थक्क होऊन जातो. एखादें नगर सोडून तेथील राक्षस नुकतेच निघून गेले असावेत, आणि त्यांच्या वाड्यांच्या भिंती, बुरूज, स्तंभ आणि वेशी तेवढ्या मागें राहिल्या असाव्यात, असा तो देखावा असतो. लोखंडाच्या गंजानें या दगडाला रंग दिला आहे. सकाळीं तो शेंदरी असतो, दुपारीं फिकट होतो आणि सूर्य कलला म्हणजे निखाऱ्यासारखा दिसूं लागतो. एका ठिकाणीं एका उभ्या सुळक्याच्या टोकावर ५५ फूट उंचीचा आणि सुमारें ३,६०० टन वजनाचा एक प्रचंड धोंडा तोललेला आहे. सुळका धरून त्याची उंची १२८ फूट भरते. खालून पाहतांना आपण नकळत दोन पावलें मागें सरतों. त्याच्या शेजारीं त्याचेंच पिल्लू शोभेल असा दुसरा एक लहान तोलदगड होता; तो १९७५-७६ च्या हिवाळ्यांत कोसळला. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

आतां या नगराचा शिल्पकार कोण, तें पाहूं. प्रथमदर्शनीं कोणीहि म्हणेल कीं, हें काम वाऱ्याचें. वाळवंट, वाळू आणि वारा यांची सांगड आपल्या मनांत इतकी पक्की बसलेली असते कीं, मलाहि तसेंच वाटलें होतें. परंतु भूस्तरशास्त्र सांगतें तें निराळें. वारा येथें झाडलोट करणारा आहे. सुटलेली वाळू तो उडवून नेतो. कोरण्याचें मुख्य काम पाण्याचें. आणि त्या कामाची पूर्वतयारी केली आहे ती, ऐकून नवल वाटेल, मिठानें!

सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं या भूमीवर समुद्राचा एक फांटा शिरला होता. तो वारंवार आटला, वारंवार भरला आणि प्रत्येक खेपेस तळाशीं मिठाचा थर ठेवून गेला. अशा रीतीनें येथें हजारों फूट जाडीचें मीठ सांचलें. पुढें त्या मिठावर वाळू, चिखल आणि गोटे यांचे थरावर थर चढत गेले आणि दाबानें त्यांचे खडक झाले. ज्या दगडांतून आज बहुतेक कमानी कोरल्या गेल्या आहेत, तो तांबडा वालुकाश्म यांपैकींच एक असून त्याची वाळू १५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं सांचलेली आहे.

मीठ दिसावयास दगडासारखें असलें तरी प्रचंड भाराखालीं तें दगडासारखें वागत नाहीं. कणकेच्या गोळ्यावर तळहात दाबला म्हणजे कणीक ज्या बाजूला भार कमी त्या बाजूला सरकते आणि बोटांच्या फटींतून वर येते. तसेंच या मिठाचें झालें. वरच्या थरांच्या ओझ्यानें तें अत्यंत मंद गतीनें सरकूं लागलें आणि जेथें वाव मिळाला तेथें फुगून वर आलें. त्याच्या पाठीवरचे खडक त्यामुळें वांकले. परंतु दगड कितीसा वांकणार? त्याला भेगा पडल्या, आणि त्या एकमेकींना समांतर, ओळीनें पडल्या. पुढें पाणी खोलवर पोंचून मीठ विरघळूं लागलें, तेव्हां कांहीं भाग खालीं खचला आणि भेगा आणखी रुंदावल्या.

येथून पाण्याचें खरें काम सुरू झालें. पावसाचें आणि वितळलेल्या हिमाचें थोडेंसें पाणी भेगांत उतरे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण. ते एकमेकांना चिकटून राहतात ते बहुतांशीं चुन्याच्या अंशामुळें. पावसाचें पाणी हवेंतील कर्बवायु शोषून किंचित् आम्ल झालेलें असतें आणि तें हा चुना हळूहळू विरघळवितें. चुना गेला कीं कण सुटला. त्यांतच हिवाळा येई. पाण्याचा बर्फ होतांना तें सुमारें शेंकडा नऊ या प्रमाणानें फुगतें. कांठोकांठ भरलेली बाटली शीतकपाटांत गोठण्यासाठीं ठेवली तर ती तडकते, हा अनुभव कित्येक घरांत आलेला असेल. दिवसा वितळावयाचें, भेगेंत थोडें अधिक खोल शिरावयाचें आणि रात्रीं गोठून भेग फांकवावयाची, असा हा पाण्याचा उद्योग. या प्रदेशांत एका दिवसरात्रींत तपमान फॅरनहाइटच्या चाळीस अंशांहून अधिक खालींवर होऊं शकतें. तेव्हां या कारागिराला कामाच्या दिवसांचा तोटा नाहीं.

समांतर भेगा रुंदावतां रुंदावतां मधला दगड उभ्या पातळ भिंतींच्या रूपानें उरला. अशा भिंती आज तेथें एकामागून एक ओळीनें उभ्या आहेत. भिंतीच्या पायथ्याशीं कोठें मऊ दगडाचा थर असतो, तेथें ओल टिकते. ओल टिकली कीं पोपडे सुटतात, खळगा पडतो. आपल्या घरच्या भिंतीला पावसाळ्यांत ओल धरली म्हणजे चुना कसा पोटांतून सुटूं लागतो, तें आठवा. एके दिवशीं खळगा भिंतीच्या पलीकडे पोंचतो. पलीकडचें आकाश दिसूं लागतें आणि कमान जन्मास येते. निदान एका बाजूनें तीन फूट भरेल एवढें आरपार छिद्र असेल तरच त्याची गणना कमानींत करावयाची, असा तेथील नियम आहे. त्या नियमानें आजवर दोन हजारांहून अधिक कमानींची नोंद झालेली आहे. इतक्या थोड्या जागेंत इतक्या नैसर्गिक दगडी कमानी जगांत इतरत्र नाहींत.

तेव्हां कोड्याचें उत्तर असें: पाणी थोडें आहे म्हणूनच हें शिल्प टिकून आहे. येथें कोंकणासारखा पाऊस पडता, तर या भिंती आणि कमानी केव्हांच वाहून गेल्या असत्या. पाणी मुळींच नसतें, तर त्या घडल्याच नसत्या.

परंतु श्रोतेहो, कमान घडविणारें पाणी कमान घडली म्हणून थांबत नाहीं. उद्यानाच्या उत्तर टोकाला, जेथें अठरा मैलांचा मुख्य रस्ता संपतो तेथून, एक पायवाट लँडस्केप आर्च नांवाच्या कमानीकडे जाते. हिचा विस्तार ३०६ फूट! एवढी लांब आणि तरी मध्यभागीं इतकी बारीक कीं, दुरून पाहतां दगडाची फीत ताणून धरली आहे असें वाटतें. १ सप्टेंबर १९९१ या दिवशीं कांहीं प्रवासी तिच्या सावलींत विसांवा घेत होते. वरून कडकड असा आवाज येऊं लागला. ते उठून पळाले, आणि त्यांच्यामागें ६० फूट लांबीची एक फळी कमानीच्या पोटांतून निखळून खालीं आली. दैव बलवत्तर म्हणून कोणासहि इजा झाली नाहीं. तेव्हांपासून कमानीखालचा मार्ग बंद आहे. आतां ती कांहीं अंतरावरूनच पाहावयाची.

त्याच वाटेवर वॉल आर्च नांवाची ७१ फूट विस्ताराची कमान होती. ऑगस्ट २००८ मध्यें एका रात्रीं, कोणी पाहत नसतांना, ती कोसळली. उलट १९४० सालीं स्कायलाइन नांवाच्या कमानींतून एक मोठा धोंडा निखळून पडला, तेव्हां ती नष्ट न होतां तिचें छिद्र जवळजवळ दुप्पट झालें. एकाच क्रियेनें एक कमान मेली आणि दुसरी वाढली. जन्म देणारी आणि प्राण हरण करणारी शक्ति येथें एकच आहे.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आम्ही डेलिकेट आर्च, म्हणजे नाजूक कमान, पाहावयास निघालों. जाऊन येऊन तीन मैलांची ही वाट बव्हंशीं उघड्या कातळावरून चढते. वाटेंत सावली नाहीं आणि पाणी बरोबर न घेतां निघणें हें केवळ अविचाराचें होय. वाटेच्या आरंभींच एक ओंडक्यांची झोपडी आहे. जॉन वेस्ली वुल्फ नांवाचा अमेरिकन यादवी युद्धांतील एक जुना सैनिक १८९८ सालीं आपल्या मुलासह ओहायोहून येथें आला आणि या ओसाड रानांत गुरें पाळून १९१० पर्यंत राहिला. झोपडीपासून थोड्याच अंतरावर खडकावर यूट लोकांनीं कोरलेलीं चित्रें आहेत: घोड्यांवर बसलेले स्वार आणि वांकड्या शिंगांचे मेंढे. त्या देशांत घोडा आणला तो स्पॅनिश लोकांनीं. तेव्हां हीं चित्रें त्यांच्या आगमनानंतरचीं, हें उघड आहे. वाळवंट निर्मनुष्य होतें असें आपण सहज म्हणतों. पण आपल्या आधीं येथें राहून गेलेल्यांच्या या खुणा पाहिल्या म्हणजे तें म्हणणें मागें घ्यावें लागतें.

वाट शेवटीं एका कड्याच्या कडेनें जाते. डाव्या हाताला खोल घळ, उजव्या हाताला उभा कडा. समोर कांहींच दिसत नाहीं. आणि वळण घेतांच एकाएकीं ती कमान पुढें उभी राहते. एका विशाल दगडी परातीच्या कांठावर, भोंवतीं दुसरा कोणताहि आधार नसलेली, सुमारें पन्नास फूट उंचीची. तिच्या एका पायाची कंबर पार झिजून बारीक झाली आहे. तेथें शंभरएक माणसें बसलीं होतीं, पण बोलत कोणीच नव्हतें. सूर्य मावळेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलों. तिच्या त्या बारीक झालेल्या पायाकडे पाहतांना मला राहून राहून वाटत होतें कीं, हिला कोणी कांहीं आधार कां देत नाहीं?

हा विचार माझ्या आधीं इतरांनाहि सुचला होता. १९५०-६० च्या दशकांत या कमानीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा लेप देऊन तिची झीज थांबवितां येईल काय, याचा विचार उद्यानाच्या चालकांनीं केला होता. पुढें तो बेत सोडून देण्यांत आला. एक तर तो व्यवहार्य नव्हता. आणि दुसरें म्हणजे निसर्गाचें कार्य निसर्गाच्या रीतीनें चालूं द्यावें, या उद्यानाच्या मूळ तत्त्वाशींच तो विसंगत होता. मला हा निर्णय प्रथम निष्ठुर वाटला. एखादें जुनें देऊळ पडूं लागलें तर आपण टेकू देतों. मग येथें हात आंखडता कां? परंतु देवळाची गोष्ट निराळी आहे. देऊळ माणसानें बांधून पुरें केलेलें असतें. ही कमान पुरी झालेलीच नाहीं. झीज थांबविली तर तिला घडविणारें कामच थांबेल, आणि आपण जतन करूं ती त्या कामाच्या मधल्या एका क्षणाची केवळ प्रतिमा.

मग माणसाला येथें करण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि येथेंच माझ्या अपराधाची गोष्ट येते.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं एका कमानीचें छायाचित्र घ्यावें म्हणून मी पायवाट सोडून पंधरावीस पावलें बाजूला गेलों. तेथली जमीन काळसर, खडबडीत, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी दिसत होती. पायाखालीं ती किंचित् करकरली, एवढेंच. तेवढ्यांत उद्यानाचा एक रक्षक वाटेवर येऊन उभा राहिला आणि अत्यंत सौजन्यानें म्हणाला, “आजोबा, आपण कोठें उभे आहांत, हें पाहिलेंत का?”

मीं म्हटलें, “मातींत उभा आहें.”

“ती माती नव्हे, ती जिवंत आहे,” तो म्हणाला. “आलांत त्याच पावलांवरून परत या.”

परत आल्यावर त्यानें मला समजावून सांगितलें. हा काळा पापुद्रा म्हणजे अतिसूक्ष्म जीवांची वसाहत आहे. डोळ्यांनीं न दिसणारे एक जातीचे जीवाणु, त्यांच्याबरोबर दगडफूल आणि शेवाळ, असे सारे मिळून तो बनलेला असतो. या जीवाणूंचे तंतु वाळूचे कण एकमेकांशीं शिवून टाकतात, त्यामुळें वारा वाळू उडवूं शकत नाहीं. पाऊस पडला तर हा पापुद्रा पाणी धरून ठेवतो, आणि हवेंतील नत्रवायु घेऊन तो जमिनींत खताच्या रूपानें उतरवितो. त्याच्याच जिवावर येथील गवत आणि झुडुपें उगवतात. एका पावलानें तो चुरडतो. आणि पूर्ववत् होण्यास त्याला कित्येक दशकें लागतात.

मीं मागें वळून पाहिलें. माझ्या पावलांचे ठसे त्या काळ्या जमिनीवर एकामागून एक स्पष्ट उमटलेले होते. मी सत्तरीच्या पलीकडे गेलेला मनुष्य. ते ठसे बुजलेले पाहावयास मी असणार नाहीं.

त्या रक्षकानें मला दंड केला नाहीं कीं कठोर शब्द बोलला नाहीं. त्यानें केला असता तर बरें, असें मला नंतर वाटलें. कारण दंड भरून मनुष्य मोकळा होतो. त्या दिवशीं मात्र मला उमगलें कीं, कमान पडणें आणि हा पापुद्रा चुरडणें या दोन गोष्टी एका मापानें मोजण्यासारख्या नाहींत. कमान पडते ती ज्या क्रियेनें ती घडली त्या क्रियेनेंच पडते. तिच्याकरितां हळहळावें, पण त्यांत कोणाचा दोष नाहीं. माझ्या पावलाखालीं जें मोडलें, तें मात्र ना पाण्यानें मोडलें ना बर्फानें. तें केवळ माझ्या बेसावधपणानें मोडलें. आणि बेसावध मनुष्य कांहीं मी एकटा नव्हे. २०२१ या एका वर्षांत १८ लाखांहून अधिक लोक या उद्यानांत आले. गर्दी इतकी वाढली कीं, पुढील वर्षीं प्रवेशाची वेळ आगाऊ ठरवून येण्याची पद्धत तेथें सुरू करावी लागली. या लाखों लोकांनीं प्रत्येकीं पंधरावीस पावलें वाट सोडली, तर काय उरेल, याचा हिशेब आपणच करावा.

त्या दिवसानंतर माझ्या चालण्यांत एक फरक पडला आहे. आमच्याकडील गडावर जातों तेव्हांहि मी मळलेली वाट सोडीत नाहीं. पावसाळ्यानंतर कातळसड्यावर जें इवलेंसें हिरवें जग उगवतें, त्यावर पूर्वीं मी बेधडक चादर अंथरून बसत असें. आतां आधीं वांकून खालीं काय आहे तें पाहतों. नातवंडें हंसतात. त्यांना मीं हीच गोष्ट सांगितली, आणि आज आपणांसहि सांगितली.

आपणांपैकीं कोणाचीं मुलें वा नातवंडें त्या देशांत असतील आणि आपणांस तेथें जाण्याचा योग आला, तर तें वाळवंट अवश्य पाहा. शक्य तर शरद ऋतूंत किंवा वसंतांत जा. पाणी भरपूर बरोबर घ्या. सूर्यास्ताला नाजूक कमानीसमोर बसा. परततांना अंधार होतो, म्हणून दिवा जवळ ठेवा. आणि चालतांना पाऊल कातळावर किंवा आंखलेल्या वाटेवरच टाका. कोठें काळ्या जमिनीवर कोणा म्हाताऱ्याच्या पावलांचे पंधरावीस ठसे दिसले, तर ते माझे असतील. कृपा करून त्यांच्यावरून जाऊं नका.